पीसीचा वारा आणि वीज: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा असेंबल करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा पीसी जमवणारे बहुतेक जण कागदावर बजेट मांडताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापुढे मोठे आकडे लिहितात. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, कॅबिनेट आणि आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांच्या वाट्याला उरलेले पैसे येतात. दुकानदारही त्या उरलेल्या पैशांत पुढून काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि सोबत कुठला तरी एसएमपीएस देऊन टाकतो. जानेवारीत मशीन झकास चालतं. एप्रिल संपत आला की दुपारी गेम अडखळायला लागतो आणि पंख्यांचा आवाज हॉलपर्यंत येतो. जूनच्या पहिल्या पावसात दोन-तीनदा लाईट जाते-येते आणि एक दिवस मशीन उठतच नाही.

माझं म्हणणं असं की आपल्या भागात यादी उलटी लिहायला घ्यावी. आधी वीज, मग वारा, आणि त्यानंतर उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं. खराब एसएमपीएस गेला तर एकटा जाईलच असं नाही, कधी कधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो.

पायरी १: खरेदीआधी खोली बघा

परदेशी व्हिडिओंत कूलरच्या चाचण्या बहुतेक वेळा २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. मे महिन्यात कळव्यात किंवा नेरूळला पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये दुपारी ३३-३४ अंश ही रोजची गोष्ट आहे. हवेचा कूलर असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली तो नेऊ शकत नाही. खोली जितकी तापेल साधारण तितकाच प्रोसेसरही वर चढतो. व्हिडिओत ७० दिसत असेल तर आपल्याकडे ८० धरून चाला, म्हणजे निराशा होणार नाही.

८० हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीची १००. त्या मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे गरमीचा पहिला फटका वेगाला बसतो. आयुष्याचा प्रश्न जास्त करून एसएमपीएस आणि बोर्डावरच्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचा, असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. कॅबिनेटच्या आतली हवा थंड ठेवायची ती मुख्यतः त्यांच्यासाठी.

आता टेबल. आपल्या घरांतून सुताराकडून करून घेतलेलं कॉम्प्युटर टेबल असतं, त्याला खाली उजव्या हाताला सीपीयू ठेवायचा कप्पा, बऱ्याचदा पुढे दार, मागे प्लाय आणि वायरीपुरतं एक भोक. यात कितीही महागडा कूलर बसवा, तो स्वतःचीच गरम हवा परत ओढत राहतो. खारघरला एका मुलीचा पीसी मी असाच पाहिला. आर्किटेक्चरचं शिक्षण चाललेलं, रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार करायचं जड काम) लावला की अर्ध्यातच मशीन बंद. तिच्या वडिलांनी नवा कूलर मागवायची तयारी केली होती. आम्ही कप्प्याचं दार उघडलं, कॅबिनेट बाहेर ओढून टेबलाच्या बाजूला स्टुलावर ठेवलं आणि तोच रेंडर परत लावला. मिनिटागणिक आकडा उतरताना तिने स्वतः पाहिला, आणि रेंडर पूर्ण झाला. सुताराला बोलावून मागचा प्लाय काढून टाकला, दार कायमचं काढलं, बस. कूलरचे पैसे वाचले.

तेव्हा जागा आधी ठरवा. मागे निदान १०-१५ सेंटिमीटर मोकळं, बाजूला भिंत चिकटलेली नसावी, आणि जमिनीवर ठेवू नका. जमिनीवर ठेवलं की झाडूची सगळी धूळ खालच्या जाळीतून आत जाते. खिडकीखाली तर मुळीच नको. पावसाळ्यात स्लायडिंगच्या फटीतून येणारं पाणी नेमकं तिथेच उतरतं.

एसी असलेल्या खोलीत पीसी ठेवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. पीसी जितकी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच सुटते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, ४०० वॅट ओढणारा गेमिंग पीसी त्यातला दहावा भाग एकट्याने खातो. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. रात्रभर २२ वर एसी चालला, सकाळी बंद केला आणि लगेच खिडक्या उघडल्या, तर थंड पडलेल्या कॅबिनेटच्या पत्र्यावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी जमू शकतं. अशा वेळी पीसी लगेच चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या. पीसी आधीपासून चालू असेल तर आतले भाग खोलीपेक्षा गरमच असतात, त्यांच्यावर दव धरत नाही.

पायरी २: वॅटचा हिशोब

हा हिशोब सोपा आहे, पण लोक तो दुकानदारावर सोडतात. प्रोसेसर जास्तीत जास्त किती ओढतो तो आकडा घ्या, ग्राफिक्स कार्डाचा घ्या, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५०-६० वॅट धरा.

रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो ८८ पर्यंत जाऊ शकतो. इंटेल आय५ १२४००एफ वर पण ६५ च, वरची मर्यादा ११७. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचं, आरटीएक्स ३०६० हे १७० चं. म्हणजे ७६०० आणि ४०६० ची जोडी सगळं मिळून २६० च्या आसपास. याला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. दुसरं टोक बघा: आय७ १४७००के २५३ पर्यंत जातो, आरटीएक्स ४०७० सुपर २२० चं, बाकी ६०. बेरीज ५३३, इथे ७५० घ्यावा.

बेरजेच्या वर एवढी मोकळीक ठेवायची दोन कारणं आहेत. ग्राफिक्स कार्ड क्षणाच्या अगदी छोट्या भागापुरतं आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. कमकुवत एसएमपीएसला ती उसळी झेपत नाही आणि मशीन खटकन बंद पडतं. २०२२ साली आलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० या मानकात अशा उसळ्या झेलायची अट घातलेली आहे, त्यामुळे नवं कार्ड घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या. दुसरं कारण आवाजाचं. अर्ध्या भारावर चालणारा एसएमपीएस कमी तापतो, त्याचा पंखा हळू फिरतो.

उगाच १००० वॅटचा घ्यायची गरज नाही. ‘पुढे कामाला येईल’ म्हणून घेतलेले बहुतेक मोठे एसएमपीएस २०० वॅटवर आयुष्य काढतात.

पायरी ३: एसएमपीएसचं लेबल वाचा

ही पायरी सावकाश वाचा, सगळ्या यादीत जास्त फसवणूक इथेच होते.

एसएमपीएसच्या एका बाजूला तक्ता चिकटवलेला असतो. त्यात +३.३, +५, +१२, −१२ असे रकाने आणि खाली अँपिअर. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. म्हणून डोळा थेट +१२ च्या खाली न्या आणि तिथल्या अँपिअरला १२ ने गुणा. कॅबिनेटसोबत सात-आठशे रुपयांत येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं आणि तक्त्यात +१२ खाली १६ अँपिअर. सोळा बारे १९२. वरच्या २६० वॅटच्या मशीनला तो पुरणार नाही. नामांकित कंपनीच्या ५५० च्या लेबलवर तोच रकाना ४५ अँपिअरच्या आसपास दिसतो, म्हणजे ५४० वॅट एकट्या १२ व्होल्टवर. दुकानात मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढायला लाजू नका.

मग ८० प्लसचा शिक्का. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही चढती भाजणी आहे ती कार्यक्षमतेची, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतला किती भाग पीसीला मिळतो आणि किती उष्णता होऊन जातो याची. ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ३०० वॅट द्यायला भिंतीतून ३७५ ओढतो, ९० टक्क्यांचा ३३३ ओढतो. रोज पाच तास वापर धरला तर महिन्याला सहा-सव्वासहा युनिटचा फरक. बिलात फार मोठी बचत नाही, पण घराचा वापर ३०० युनिटच्या आसपास असेल तर स्लॅबच्या कडेला हे युनिट महाग पडतात. तरीही मी गोल्ड सुचवतो तो मुख्यतः कमी उष्णतेसाठी.

मात्र शिक्का म्हणजे सुरक्षिततेची हमी समजू नका. त्यासाठी खोक्यावर ओव्हर करंट, ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेंपरेचर ही संरक्षणं लिहिलेली आहेत का ते बघा. ओव्हर टेंपरेचर आपल्याकडे हवंच. जमल्यास कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्ण भार किती अंशांना तपासलाय तेही पाहा. चांगल्यांत ५० अंश असतं, स्वस्तांत ४०, काहींत त्याहून कमी. मे महिन्यात कॅबिनेटच्या आतली हवा ४० सहज ओलांडते.

वॉरंटी बघून किंमत तोला. पाच वर्षं, सात वर्षं, दहा वर्षं अशी वॉरंटी देणारी कंपनी आतल्या सामानावर पैसे खर्च करते. थोडे जास्त देऊन सात वर्षांचा घेतलात तर पुढच्या पीसीतही तोच चालेल.

मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, घ्यावा का? लहान कॅबिनेट असेल तर सेमी-मॉड्युलर (काही वायरी पक्क्या, बाकी सुट्या) बरा, नको त्या वायरी वाऱ्याच्या आड येत नाहीत. पण एक नियम पाळायचाच: एका एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावायच्या नाहीत. खोबणीत बसल्या तरी नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची, वेगळी असते. चुकीच्या पिनेत १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क, एसएसडी क्षणात जातात. जुना एसएमपीएस विकताना त्याच्या वायरी त्याच्यासोबतच द्या.

पायरी ४: घरातली वीज

इतका चांगला एसएमपीएस घेऊन तो लावायचा कुठे? पलंगामागच्या दोन पिनांच्या एक्स्टेंशनला? नको.

आधी अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा यूएसबीच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या इमारतींत, चाळींत, सिडकोच्या सुरुवातीच्या वसाहतींत आणि कधी कधी नव्या टॉवरमध्येही ऐकू येतो. कारण असं आहे: एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत जोडलेले असतात. अर्थिंगची पिन खरोखर जमिनीला जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह निघून जातो. पिन नुसतीच शोभेची असेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्याने जीव जात नाही, पण बोर्ड, कार्ड, पेन ड्राइव्ह, सगळ्यांना त्याचा त्रास असतो. आणि एसएमपीएसमध्ये खरोखर शॉर्ट झाला तर वाचवायला काहीच नसतं.

वायरमनला सांगितलं की बऱ्याचदा उत्तर येतं, “काही होत नाही दादा, पायात चप्पल घालून बसा.” हे उत्तर स्वीकारू नका. त्याला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थिंगमध्ये शंभर-सव्वाशे किंवा शून्य दिसलं तर अर्थिंग तुटलेलं आहे. ते सॉकेटपासून मीटर बॉक्सपर्यंत आणि तिथून सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत कुठे सुटलंय हे शोधायला हवं. खड्डा सोसायटीचा असतो, सेक्रेटरींकडे लेखी द्या. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन तारेने जोडून देतात, झिणझिण्या थांबतात. हे करू देऊ नका. न्यूट्रल कुठे सुटला तर घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या पत्र्यांवर २३० व्होल्ट येतात.

स्टॅबिलायझरची गरज बहुधा नसते. अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतात, लेबलवर ‘इनपुट’ समोर तसं छापलेलं असतं. तिथे २०० ते २४० छापलेलं असेल आणि तुमच्याकडे संध्याकाळी पंखे मंदावत असतील तर दुसरा एसएमपीएस बघा. एक बरा स्पाइक गार्ड मात्र घ्या, आणि त्यावरचा संरक्षणाचा दिवा विझला की बदला. आतला भाग झटके खाऊन संपलेला असतो, सॉकेट चालू दिसत राहतं. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड अर्धंच काम करतो.

यूपीएस घ्यावा असं मी सगळ्यांनाच सांगतो. पावसाळ्यात फीडर (भागाला वीज पुरवणारी लाइन) ट्रिप होऊन लाईट दोन मिनिटं जाणं, येणं, परत जाणं हे चालतंच, आणि एसएसडीवर लिहिणं चालू असताना वीज जाणं चांगलं नाही. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅट. वरच्या २६० वॅटच्या मशीनला मॉनिटरचे ३० जोडले की तो काठावर येतो, म्हणून १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गुळगुळीत लहरीऐवजी (साइन वेव्हऐवजी) पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो, आणि काही अॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस ती पाहून बंद पडतात. दुकानदाराला ‘प्युअर साइन वेव्ह’ असंच विचारा, किंवा तुमचा एसएमपीएस त्या यूपीएसवर चालवून दाखवायला सांगा.

घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर चालेल का? वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असेल आणि ते चालू असेल तर साधारण जमून जातं, नाहीतर बदलायला लागणारा वेळ त्याच्यापेक्षा जास्त असतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. यूपीएसची लेड-अॅसिड बॅटरी आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत बसते, ते गृहीत धरा. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका, तो सुरू होताना एकदम मोठा भार ओढतो.

पायरी ५: कूलर

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि इथे निर्णय सगळ्यात सोपा आहे.

रायझन ५ ७६०० किंवा आय५ १२४००एफ सोबत खोक्यात कूलर मिळतो. ऑफिसचं काम, अभ्यास, थोडं गेमिंग एवढंच असेल तर तो चालतो, आपल्या उन्हाळ्यात आवाज करतो इतकंच. आवाज नको असेल तर एका टॉवरचा (पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला), चार हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचा कूलर घ्या. डीपकूल एके४०० किंवा एजी४०० सारखे कूलर बहुतेकांना पुरून उरतात. रायझन ७, आय७ अशा प्रोसेसरना दोन टॉवरचा, थर्मलराइटच्या पिअरलेस असॅसिन १२० सारखा. त्याच्या पलीकडे, २५० वॅट खाणारा आय७ किंवा आय९ घेऊन तासन्‌तास रेंडर करणार असाल, तरच ३६० मिलिमीटरच्या पाण्याच्या कूलरचा विचार करा.

पाण्याच्या कूलरला माझा आक्षेप नाही, पण त्यात पंप असतो आणि पंप कधी तरी बंद पडतो, पाच-सात वर्षांत द्रव कमी होतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो थोड्या पैशांत बदलता येतो. पाण्याचा घेतलाच तर रेडिएटर (पाणी थंड करणारा पंखे लावलेला भाग) वरती बसवा. पुढे उभा बसवायचा असेल तर रेडिएटरची वरची कड पंपापेक्षा उंच असू द्या, म्हणजे साठलेली हवा पंपात न जाता वर राहते.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी जुळवा. कूलरची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा: एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर, नॉक्टुआ एनएच-डी१५ ची १६५, आणि लहान कॅबिनेटांत १६० पुढे जागा नसते. उंच रॅम पंख्याला अडते का. आणि सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीच्या एएम४ चे बरेच कूलर एएम५ वर बसतात, पण इंटेलच्या एलजीए १२०० चा कूलर १७०० वर बसवायला वेगळी क्लिप लागते.

बसवताना कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. हे सांगायची वेळ वारंवार येते. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं नको. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच. पुढे कधी एएम४ वरून कूलर काढावा लागला तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात.

पायरी ६: कॅबिनेट आणि पंखे

पुढे काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका. पुढे जाळी हवी, आणि जाळीच्या आत काढून धुता येईल असा फिल्टर. घोडबंदर रोडची मेट्रोची कामं, खारघर-उलव्याकडे चाललेली बांधकामं, यांची बारीक सिमेंटची धूळ फिल्टर नसेल तर थेट कूलरच्या पात्यांत बसते आणि पावसाळ्यात दमट हवेने तिथेच घट्ट होते.

पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, इथून सुरुवात करा. आत येणारी हवा जास्त असली की ती प्रत्येक फटीतून बाहेर पडत राहते, आणि धूळ फिल्टरवाटेच येते. पंख्याची दिशा ओळखायची खूण अशी: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे चार दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. तरीही शंका असेल तर सगळं जोडल्यावर उदबत्ती लावा आणि जाळीपासून वीतभर लांब धरा. पुढे धूर आत खेचला गेला पाहिजे, मागे दूर लोटला गेला पाहिजे. राख मात्र पडू देऊ नका.

एसएमपीएस खाली बसत असेल आणि कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर त्याचा पंखा खाली करा. तळाला जाळी नसेल तर वर.

पायरी ७: जोडणी

एटीएक्सची २४ पिनांची मोठी वायर बोर्डाला. प्रोसेसरची चार अधिक चार, ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन. या दोन्ही आठ-आठ पिनांच्या दिसतात पण त्यांची अदलाबदल करायची नाही, जोर लावून बसवायचा प्रयत्नही नको. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर १५० वॅटसाठी असते आणि कार्ड बसतं तो बोर्डावरचा स्लॉट ७५ देतो. कार्डाला दोन सॉकेट असतील तर शक्यतो दोन वेगळ्या वायरी द्या.

नव्या कार्डांवर १२ अधिक ४ पिनांचं छोटं सॉकेट येतं, १२व्ही-२x६ किंवा जुनं १२व्हीएचपीडब्ल्यूआर. ते पूर्ण आत बसलं पाहिजे, मध्ये फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेली अशी वायर तापून वितळल्याची उदाहरणं घडलेली आहेत. खोबणीपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवा, तिथेच वाकवू नका. कॅबिनेटची काच बसवताना ती वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, दुसरं घ्या.

पायरी ८: चाचणी दुपारी घ्या

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्रॅम टाका. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच अर्धा तास चालवा, मग ग्राफिक्स कार्डाची चाचणी, मग दोन्ही एकत्र. एसी बंद, दुपारची वेळ, कॅबिनेट नेहमीच्या जागी. या परिस्थितीत प्रोसेसर मर्यादेच्या दहा अंश खाली राहिला तर काम फत्ते. थेट मर्यादेला चिकटला तर कॅबिनेटची बाजू उघडून परत लावा. लगेच सात-आठ अंश उतरले तर दोष वाऱ्याचा, पंखे वाढवा. काहीच फरक पडला नाही तर कूलर नीट बसलेला नाही किंवा पेस्ट कमी आहे. उंच तापमान असतानाच मशीन बंद पडणं हे कूलरकडे बोट दाखवतं. तापमान कमी असताना गेम सुरू होताच खटकन बंद पडत असेल तर एसएमपीएसवर संशय घ्या.

पंख्यांची चाल बायोसमधून (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून) ठरवा. ५० अंशांपर्यंत मंद, ७० नंतर जोरात. आपल्या उन्हाळ्यात फार शांत ठेवायचा हट्ट धरला तर भर दुपारी पंखे सारखे वर-खाली होतात आणि तो आवाज जास्त खुपतो.

खरेदी आणि पुढची काळजी

सुटे भाग पाहून घ्यायचे तर लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिमेची स्लो लोकल पकडा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी गर्दी. ऑनलाइन भावाशी तुलना करून जा. जीएसटीचं बिल घ्याच, एसएमपीएसचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. सात वर्षांच्या वॉरंटीत बिल हरवतंच, आजच फोटो काढून ठेवा.

सफाई वर्षातून दोनदा: मेच्या अखेरीस, पावसाआधी, आणि दिवाळीच्या साफसफाईत. मेट्रोच्या कामाशेजारी राहत असाल तर फिल्टर दर महिन्याला नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. आतली धूळ काढायला ब्लोअर वापरा, बाल्कनीत नेऊन. हवा मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

खाडीजवळच्या इमारतींत, पाम बीच रोडच्या बाजूला किंवा कोपरीकडे, पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या पीसीच्या मागच्या स्क्रूंवर गंज चढलेला दिसतो. म्हणून वापर नसला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ओल निघून जाते.

गणपतीला गावी जाताना प्लग भिंतीतून काढून ठेवा. नुसतं बटण बंद केल्याने फक्त एक तार तुटते, आणि विजेचा कडकडाट झाला तर तेवढ्याने भागत नाही. यूपीएसचाही प्लग काढा. राउटरकडून पीसीला आलेली नेटची वायरही काढा, कारण झटका त्या वायरीनेही येतो आणि मग बोर्डावरचा नेटचा भाग जळालेला सापडतो. परत आल्यावर आधी पंखा लावून खोलीतली ओलसर हवा जाऊ द्या, मग मशीन सुरू करा.